मनुष्याचा पुत्र

येशूला बायबलमध्ये अनेक बिरुदं आहेत. 'ख्रिस्त' हेसुद्धा बिरुदच, आडनाव नव्हे. हिब्रू 'मशीहा' या शब्दाचं ते ग्रीक भाषांतर, अर्थ अभिषिक्त. शिवाय प्रभू आहे, दाविदाचा पुत्र आहे, देवाचा पुत्र आहे, देवाचा कोकरा आहे. ही बिरुदं बहुतेक करून इतरांनी त्याला दिलेली. स्वतः येशू मात्र स्वतःविषयी बोलताना पुन्हा पुन्हा एकच शब्दप्रयोग करतो, 'मनुष्याचा पुत्र'. चार शुभवर्तमानांत मिळून तो ऐंशीच्या आसपास वेळा येतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी येशूच्याच तोंडी येतो. शिष्य त्याला या नावानं हाक मारत नाहीत, विरोधकही मारत नाहीत. आज मला या एकाच बिरुदाविषयी बोलायचं आहे.

आपल्याकडे त्याचा अर्थ फार सरळ लावला जातो. देवाचा पुत्र म्हणजे येशूचं दैवी रूप आणि मनुष्याचा पुत्र म्हणजे त्याचं मानवी रूप. ही वाटणी आजची नाही. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस यानं ती केलेली दिसते. श्रद्धेचा विचार म्हणून तिच्यात काही गैर नाही. पण गालीलच्या सरोवराकाठी येशूचं बोलणं ऐकणाऱ्या कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या कानांवर हे शब्द पडत, तेव्हा त्यांना हा अर्थ खचितच सुचत नसणार. खरं म्हणजे हिशेब पुष्कळसा उलटाच होता.

कसा, ते पाहू. येशूची बोलीभाषा अरामी. तिच्यात 'बर नाशा' म्हणजे शब्दशः माणसाचा मुलगा, पण व्यवहारात नुसता 'माणूस'. आपण 'भूमिपुत्र' म्हणतो तेव्हा बापाच्या जागी कोणी भूमी नावाचं नाव शोधत नाही. तसंच हे. हिब्रूत याला 'बेन आदम' म्हणतात, आणि आदम हा शब्द 'आदमी'मधून आपल्या ओळखीचा आहेच. अरामीतला 'नाश' आणि अरबीतून आपल्याकडे आलेला 'इन्सान' हेही एकाच घराण्यातले. जुन्या करारात यहेज्केल या संदेष्ट्याला देव नव्वदहून अधिक वेळा याच शब्दांनी हाक मारतो. बाबेलात बंदिवासात असलेला हा माणूस, समोर देवाच्या सिंहासनाचं डोळे दिपवणारं दर्शन, तो पालथा पडलेला. त्या वेळची ती हाक म्हणजे 'अरे मर्त्य माणसा' अशी आहे. इथे बिरुदाचा थाट अजिबात नाही.

आता दुसरी बाजू. दानीएलाच्या पुस्तकाचा सातवा अध्याय अरामी भाषेतच आहे. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनपूर्व १६७ नंतरच्या काळातला मानतात. तेव्हा चौथ्या अंतियोख राजानं यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं होतं आणि यहुदी धर्म पाळणं हाच गुन्हा ठरवला होता. या अध्यायात समुद्रातून एकामागून एक चार जनावरं वर येतात. पहिलं गरुडाचे पंख असलेला सिंह, दुसरं अस्वलासारखं, तिसरं चार डोक्यांचा चित्ता, आणि चौथ्याला तर नावच नाही, नुसते लोखंडी दात आणि दहा शिंगं. ही चार साम्राज्यं. मग न्यायसभा बसते, आणि आकाशातल्या मेघांबरोबर 'मनुष्याच्या पुत्रासारखा' कोणी एक येतो. कधीही न संपणारं राज्य त्याला दिलं जातं. जगाची राज्यं जनावरांसारखी आणि देवाकडून येणारं राज्य माणसाच्या चेहऱ्याचं, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते. पुढे त्याच अध्यायात हे राज्य परात्पर देवाच्या पवित्र जनांना मिळेल असाही उलगडा आहे. म्हणजे ही आकृती एका व्यक्तीची की छळ सोसणाऱ्या अख्ख्या लोकांची, हा प्रश्न तेव्हापासून उघडाच आहे.

याउलट 'देवाचा पुत्र' हा शब्द स्तोत्रांत चक्क इस्राएलच्या राजाला, हाडामांसाच्या माणसाला लावलेला आहे. तेव्हा दानीएल ठाऊक असलेल्या श्रोत्याला 'देवाचा पुत्र' ऐकून सिंहासनावरचा माणूस आठवू शकत होता, आणि 'मनुष्याचा पुत्र' ऐकून मेघांवरचा न्यायाधीश.

मग येशूच्या मनात यांतला कोणता अर्थ होता? यावर विद्वानांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. गेझा व्हर्मेश या हंगेरीत जन्मलेल्या विद्वानानं १९६०च्या दशकात असं मांडलं, की अरामी बोलीत माणूस स्वतःविषयी आडवळणानं बोलताना हा शब्द वापरी. आपणही म्हणतोच, 'माणसानं किती सोसायचं!' तो माणूस म्हणजे बोलणारा स्वतःच असतो. व्हर्मेशच्या पुराव्यांच्या काळाबद्दल इतरांनी आक्षेप घेतले, पण मला त्याचं म्हणणं पूर्ण टाकून द्यावंसं वाटत नाही. कोल्ह्यांना बिळं आहेत, पाखरांना घरटी आहेत, पण मनुष्याच्या पुत्राला डोकं टेकायला जागा नाही, असं येशू म्हणतो, तेव्हा तिथे मेघ नाहीत आणि सिंहासनही नाही. बिऱ्हाड पाठीवर घेतलेला एक माणूस आहे. उलट, कफर्णहूमला छप्पर उसकटून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसासमोर तो म्हणतो की पापांची क्षमा करण्याचा अधिकार मनुष्याच्या पुत्राला पृथ्वीवर आहे. तिथे बसलेले शास्त्री उगाच दचकत नाहीत.

शब्द एकच, ऐकणाऱ्याला त्यात साधा माणूसही ऐकू येईल आणि दानीएलाचा तो दिव्य पुरुषही. माझ्या मते येशूनं तो निवडला तो याच दुहेरीपणासाठी. 'मशीहा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रोमनांना हाकलून लावणारा राजा उभा राही. 'मनुष्याचा पुत्र' म्हटलं की लोकांना विचारावं लागे. योहानाच्या शुभवर्तमानात जमाव खरोखरच विचारतो, हा मनुष्याचा पुत्र आहे तरी कोण?

या शब्दात येशूनं स्वतःची जी भर घातली, ती फिलिप्पाच्या कैसरियाच्या वाटेवर दिसते. पेत्र म्हणतो, तू मशीहा आहेस. येशू ते नाकारत नाही, पण हे कोणाला सांगू नका अशी ताकीद देतो आणि लगेच शब्द बदलतो. मनुष्याच्या पुत्राला पुष्कळ दुःखं सोसावी लागतील, त्याला नाकारलं जाईल, मारलं जाईल. पेत्राला हे सहन होत नाही, तो येशूला बाजूला घेऊन चक्क दटावतो. पेत्राच्या जागी कोणीही असता तरी त्यानं तेच केलं असतं. दानीएलाच्या दर्शनात त्या पुरुषाला राज्य मिळतं, लोक त्याची सेवा करतात. इथे येशू सांगतो की तो सेवा करून घ्यायला नव्हे तर करायला आला आहे. बिरुद तेच ठेवून त्याचा मजकूर असा उलटा करणं, हे मला त्याच्या सगळ्या शिकवणीत सर्वांत धाडसाचं वाटतं.

आणि अखेर याच शब्दावर खटल्याचा निकाल लागला. मार्कानं दिलेल्या वृत्तान्तात महायाजक विचारतो, तू मशीहा आहेस का, त्या धन्यवादिताचा पुत्र आहेस का? येशू होय म्हणतो. तेवढ्यावर न थांबता तो पुढे सांगतो की मनुष्याचा पुत्र देवाच्या उजवीकडे बसलेला आणि मेघांसह येताना तुम्ही पाहाल. आरोपीच्या जागी उभा असलेला माणूस न्यायाधीशांना सांगतोय की खरा न्यायाधीश कोण. महायाजक आपली वस्त्रं फाडतो. आता आणखी साक्षीदार कशाला हवेत, असं त्याला वाटतं.

भाषांतरात मात्र या शब्दाची कसोटी लागते. 'न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन' या १९८९च्या इंग्रजी बायबलनं यहेज्केलच्या हाकेसाठी 'मर्त्य' असा शब्द घेतला आणि दानीएलात 'मानवासारखा कोणी' असं केलं. अर्थ अगदी बरोबर. पण शुभवर्तमानांत 'मनुष्याचा पुत्र' तसाच राहिला. त्यामुळे एकाच धाग्यात ओवलेले तीन मणी वाचकाच्या हातात सुटे येतात. मला बोजड वाटलं तरी शब्दशः भाषांतरच बरं वाटतं.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात हा मनुष्याचा पुत्र खरोखरच न्यायासनावर बसलेला आहे, सगळी राष्ट्रं त्याच्यासमोर. तो विचारतो काय, तर भुकेल्याला जेवू घातलं का, परक्याला घरात घेतलं का, तुरुंगातल्या माणसाला भेटायला गेलात का. कारण तो भुकेला, तो परका, तो कैदी मीच होतो, असं त्याचं म्हणणं. दानीएलातला न्याय आणि बोलीतला साधा 'माणूस' हे दोन्ही अर्थ इथे एका जागी आले आहेत.

येशूनंतर हे बिरुद जवळजवळ नाहीसं झालं. ग्रीक बोलणाऱ्या शहरांत ते कोणाला कळलंच नसतं. 'माणसाचा मुलगा' म्हणजे काय, सगळेच माणसांचे मुलगे! शुभवर्तमानांबाहेर फक्त एकच माणूस येशूसाठी ते बिरुद म्हणून उच्चारतो, तो स्तेफन. यरुशलेमच्या न्यायसभेसमोर तो म्हणतो की आकाश उघडलेलं आणि मनुष्याचा पुत्र देवाच्या उजवीकडे उभा असलेला मला दिसतो आहे. लोक कानांवर हात ठेवतात, त्याला शहराबाहेर नेतात आणि दगडमार करतात. दगड मारणाऱ्यांनी आपली वस्त्रं शौल नावाच्या एका तरुणाच्या पायांशी ठेवली होती. तोच पुढे प्रेषित पौल झाला. त्याची पत्रं नव्या करारात आहेत, त्यांत येशूची बिरुदं पानोपानी आहेत. 'मनुष्याचा पुत्र' मात्र त्यांत एकदाही येत नाही.