गिरमिटी पूर्वजाचा माग

मॉरिशस बेटांतील मराठी घरांत गणेशचतुर्थीस मूर्ति बसते, आरत्या मराठींत होतात, आणि झाकरी नांवाचा नाच रंगतो. तो पाहून रत्नागिरीकडील मनुष्यास आपल्या गांवची जाखडी आठवल्यावांचून राहत नाहीं. परंतु नाचणारास मूळ गांव विचारलें तर ‘मुंबई’ एवढेंच उत्तर मिळण्याचा संभव असतो. हें उत्तर खोटें नव्हे, पण पुरतेंही नव्हे. पणजोबा ज्या बंदरांतून जहाजावर चढले, त्या बंदराचें नांव उरलें. ज्या घरांतून ते निघाले, तें विसरलें गेलें.

गुलामगिरी बंद होण्याच्या सुमारास, १८३४ पासून, मॉरिशसच्या उंसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. १९२० पर्यंत जवळजवळ पांच लक्ष मजूर पोर्ट लुई येथील घाटावर उतरले. हा आप्रवासी घाट २००६ मध्यें जागतिक वारसास्थळ ठरला. त्या मजुरांत कोंकणी मराठे थोडे. कलकत्ता व मद्रास या बंदरांतून गेलेले पुष्कळ अधिक.

त्यांच्या वंशजांस सांप्रत इंटरनेटवर विनामूल्य मार्गदर्शिका मिळतात. अमेरिकेंत १८९४ मध्यें स्थापन झालेल्या वंशशोधन संस्थेनें १९९९ पासून ‘फॅमिलीसर्च’ हें स्थळ चालविलें आहे. त्यावर देशोदेशींच्या दप्तरांची माहिती दिलेली आहे. मुख्य शिकवण अशी, कीं शोध स्वतःपासून आरंभावा, एकेक पिढी मागें जावें, आणि प्रत्येक नात्यास कागद मागावा. म्हातारीं माणसें हयात आहेत तोंवर त्यांस आधीं विचारावें, हेंही त्यांत आलेंच. मात्र हिंदुस्थानासंबंधींच्या इंग्रजी मार्गदर्शिका बहुधा साहेबांच्या वंशजांस डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेल्या असतात. गोऱ्या शिपायाच्या मुलाचा बाप्तिस्मा कोठें नोंदला, हें त्या सांगतात. कुणब्याच्या मुलास कोणी बाप्तिस्मा दिला नव्हता!

कुणब्याचा माग लागतो तो त्याच्या क्रमांकावरून. बेटावर उतरलेल्या प्रत्येक मजुरास एक क्रमांक मिळे. त्याच्या वहींत बापाचें नांव, जात, जहाज, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, परगणा आणि गांव लिहीत. या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेविलेल्या आहेत. जन्म, विवाह व मृत्यु यांच्या जुन्या सरकारी दाखल्यांवर हा क्रमांक पुष्कळदां आढळतो. म्हणून दाखल्यांवरून वहीकडे जावें. केवळ आडनांवावर विसंबणें घातक आहे. तिकडे बापाचें एकेरी नांवच पुढें आडनांव झालें. पांडू नांवाच्या मजुराचे पणतू पांडू आडनांवाचे झाले असल्यास, त्या आडनांवाचें घर कोंकणांत धुंडाळून काय मिळणार?

आतां गांवाची गोष्ट. कारकून ऐकेल तसें रोमन लिपींत लिही. त्या लिपींत ळ आणि ल एक, ट आणि त एक, ड कधीं र होऊन बसे. येथें मार्गदर्शिका थकते आणि मराठी कानाचें काम सुरू होतें. लिहिलेलें मोठ्यानें वाचावें, कोंकणांतील जाणत्या माणसास ऐकवावें. ‘तळवडें’ असें नांव निघालें तरी घाई नको, कारण तें एकाहून अधिक ठिकाणीं आहे. परगणा जुळल्यावांचून निर्णय करूं नये. वहींत रत्नागिरी जिल्हा असला तरी गांव आज सिंधुदुर्गांत असूं शकेल. हा जिल्हा १९८१ मध्यें वेगळा झाला. सावंतवाडी तर तेव्हां स्वतंत्र संस्थान होतें.

एक मोह फार मोठा. दुसऱ्यांनीं इंटरनेटवर मांडलेल्या वंशावळी आयत्या मिळतात, आणि सारख्या नांवाचा एखादा मराठा त्यांत दिसतांच शोध करणारा त्यास आपला पणजोबा करून टाकतो. पुढें ती चूक दहा घराणीं उतरून घेतात, आणि भलत्याच गांवच्या देवीस नवस फेडले जातात.

पणजोबांचें गांव निश्चित झालें म्हणजे पुष्कळ जण वही मिटतात. परंतु जहाजावर स्त्रियाही होत्या, आणि प्रत्येकीस तिचा स्वतंत्र क्रमांक होता. पणजीच्या नोंदींत तिच्या बापाचें नांव असतें, तिचें गांव असतें, आणि तें गांव पणजोबांच्या गांवाहून निराळें असूं शकतें.