सिगारेटचा धूर व फळांचा रस

आजाऱ्याच्या उशाशीं मोसंबीच्या रसाचा पेला ठेवण्याची रीत महाराष्ट्रांत घरोघरीं आहे. रस म्हणजे आरोग्य, ही समजूत त्यामुळें लहानपणापासूनच मनांत रुजते. धूम्रपान करणारा मनुष्य तिचा स्वतःपुरता निराळा अर्थ लावतो. दिवसाकाठीं दहा सिगारेटी ओढल्या तरी सकाळीं पेलाभर रस घेतला म्हणजे धुराचें विष उतरतें व हिशेब चुकता होतो, असें तो मनास समजावितो. हा हिशेब खरा कीं खोटा, याचा शोध शास्त्रज्ञांनीं मोठ्या कसोशीनें घेतला आहे. त्याची हकीकत प्रत्येक सिगारेट ओढणाऱ्यानें ऐकण्यासारखी आहे.

ही समजूत अगदींच निराधार नव्हती. फळें व भाज्या भरपूर खाणाऱ्या लोकांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असें अनेक पाहण्यांत दिसून आलें होतें. गाजर, आंबा, पपई यांच्या केशरी रंगांत बीटा-कॅरोटीन नांवाचें द्रव्य असतें. तेंच या रक्षणाचें कारण असावें, असा तर्क निघाला. १९८१ सालीं रिचर्ड पेटो व त्यांचे सहकारी यांनीं हा प्रश्न ‘नेचर’ या नियतकालिकांत मांडला. तर्काची परीक्षा प्रयोगानेंच व्हावयास हवी होती.

ती फिनलंडांत झाली. १९८५ पासून तेथील ५० ते ६९ वर्षें वयाच्या २९,१३३ धूम्रपानी पुरुषांचे चार गट करण्यांत आले. एका गटास रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, दुसऱ्यास ई जीवनसत्त्व, तिसऱ्यास दोन्ही, व चौथ्यास केवळ दिखाऊ औषध मिळूं लागलें. कोणास काय मिळत आहे, हें घेणाऱ्यासही ठाऊक नव्हतें व देणाऱ्यासही नव्हतें. १९९४ सालीं निकाल प्रसिद्ध झाला, तो अपेक्षेच्या अगदीं उलट! कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी तर झाला नाहींच, उलट शेंकडा १८ नें अधिक झाला. अमेरिकेंतही असाच एक प्रयोग चालू होता. त्यांत कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही दिलें जात असे. तेथें ही वाढ शेंकडा २८ आढळली, आणि जानेवारी १९९६ मध्यें तो प्रयोग ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधींच थांबवावा लागला.

नवल असें कीं, फिनलंडच्या त्याच पुरुषांपैकीं ज्यांच्या नेहमींच्या आहारांत कॅरोटीन अधिक होतें, त्यांच्यांत हा रोग कमीच होता. मग हें कोडें कसें उलगडावें? फळें खाणारा मनुष्य बहुधा सिगारेटी कमी ओढतो व इतर बाबतींतही नेमस्त असतो. त्याच्या एकंदर राहणीचें श्रेय एकट्या केशरी द्रव्यास दिलें गेलें, येथेंच बहुधा तर्क चुकला.

गोळी म्हणजे कांहीं रस नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. पण रसाची बाजू तरी कितपत भक्कम आहे? फळ पिळून गाळलें म्हणजे चोथा टाकला जातो व साखर पेल्यांत उतरते. तीन-चार मोसंबीं खावयास वेळ लागतो. त्यांचा रस दोन घोटांत संपतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं रसांतील साखरेची गणना मर्यादेंत ठेवावयाच्या साखरेंतच केली. २०१९ सालीं फ्रान्सांतील एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणींत गोड पेयें, व त्यांतच शुद्ध फळांचा रसही, अधिक पिणाऱ्यांत कर्करोगाचें प्रमाण कांहींसें अधिक दिसलें. ही केवळ पाहणी आहे. तेवढ्यावरून रसास गुन्हेगार ठरवितां येत नाहीं. परंतु त्यास रक्षक मानावयास तर मुळींच आधार उरत नाहीं.

धूम्रपानानें रक्तांतील क जीवनसत्त्व घटतें, हें खरें आहे. धूम्रपान्यास रोज ३५ मिलिग्रॅम अधिक लागतें, असें अमेरिकन तज्ज्ञांनीं २००० सालीं ठरविलें. एखादा पेरू किंवा संत्रें खाल्ल्यानें ती उणीव सहज भरून निघते. पण भरपाई होते ती जीवनसत्त्वाची. सिगारेटच्या धुरांत कर्करोगास कारण होणारीं सुमारें ७० द्रव्यें असतात; तीं प्रत्येक झुरक्याबरोबर फुप्फुसांत जातच राहतात. विडीच्या धुराचीही गोष्ट निराळी नाहीं.

मग खरा उपाय कोणता? रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनीं १९५१ सालीं ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाची पाहणी सुरू केली. तिचा ५० वर्षांचा आढावा २००४ सालीं प्रसिद्ध झाला. धूम्रपान न सोडणारे सरासरीनें सुमारें १० वर्षें आधीं मरण पावले. ज्यांनीं साठाव्या वर्षीं सोडलें त्यांस सुमारें ३ वर्षें परत मिळालीं. पन्नासाव्या वर्षीं सोडणारांस ६, चाळिसाव्या वर्षीं सोडणारांस ९, आणि तिसाव्या वर्षीं सोडणारांस जवळजवळ सर्व १० वर्षें मिळालीं.

हिशेब चुकता करण्याची रीत एवढीच आहे. फळ खावें तें भुकेसाठीं व गोडीसाठीं. सिगारेटची किंमत फळाकडून वसूल होत नाहीं. साठी उलटलेल्या गृहस्थानेंही आज सिगारेट सोडली, तर त्याला उशीर झाला असें म्हणतां येणार नाहीं.