शिष्य पाहून शिकवणं



अमेरिकेत टेक्सास राज्यात ऑस्टिन नावाचं शहर आहे. तिथल्या कंट्री क्लबात हार्वी पेनिक नावाचे गोल्फचे मास्तर होते. जन्म १९०४चा. आठव्या वर्षी ते कॅडी म्हणून लोकांच्या पिशव्या वाहू लागले, १९२३ साली त्याच क्लबाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि मग आयुष्यभर शिकवत राहिले. त्यांच्याकडं शिकणाऱ्या मुलांमध्ये दोघं होते, टॉम काइट आणि त्याच्याहून दोन वर्षांनी लहान बेन क्रेनशॉ. दोघांचा क्लब तोच, मास्तर तेच. तरीही एकाला शिकवत असताना दुसऱ्यानं बघत उभं राहिलेलं पेनिकना चालत नसे. टॉमला दिलेलं औषध बेननं चोरून घेतलं तर बेनचा खेळ बिघडेल, अशी त्यांना धास्ती होती.

काइट कष्टाळू होता. त्याला पेनिक म्हणत, मार चेंडू, दिवसभर मार. क्रेनशॉचा हात उपजत गोड. त्याला ते फार सराव करू देत नसत, कारण जास्त घोटत बसला तर हा नसलेला दोष शोधून काढेल, असं त्यांना वाटे. आपल्याकडं असं वागणाऱ्या मास्तरांवर पालकांनी पक्षपाताचा आरोप केला असता! परिणाम काय झाला? १९७२ साली अमेरिकेच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत वैयक्तिक विजेतेपद या दोघांना बरोबरीत विभागून मिळालं. पुढं काइट १९९२ची यू. एस. ओपन जिंकला आणि क्रेनशॉनं ऑगस्टाला होणारी मास्टर्स स्पर्धा दोनदा जिंकली.

मग प्रश्न येतो, प्रत्येकाला वेगळं शिकवायचं तर खेळाचा पाया म्हणजे काय? मी गोल्फ शिकवतो, आणि हा प्रश्न मला रोज छळतो. त्याचं उत्तर शोधायला चेंडूकडून निघावं लागतं. क्लबचा आणि चेंडूचा स्पर्श सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. तेवढ्या वेळात क्लबचं तोंड कुठं बघतंय, क्लब कुठल्या वाटेनं येतोय, किती वेगानं आणि किती उतरत्या कोनात येतोय, आणि चेंडू तोंडाच्या मधोमध लागतोय की कडेला, एवढंच चेंडूला कळतं. तुमचा डावा हात सरळ होता की वाकलेला, टाच उचलली होती की टेकलेली, याची त्याला खबर नसते. पूर्वी कित्येक प्रशिक्षक सांगत की चेंडू क्लबच्या वाटेनं निघतो. रडारवर चालणारी मापनयंत्रं आली तेव्हा दिसलं, की निघण्याची दिशा मुख्यतः क्लबच्या तोंडावरून ठरते. म्हणजे खरा पाया स्पर्शाच्या त्या क्षणात आहे. तिथवर पोचायची वाट ज्याच्या त्याच्या अंगकाठीची.

गवयाच्या गुरूला हे सांगावं लागत नाही. ज्याचा गळा काळी एकला लागतो त्याला तो पांढरी चारवर ओढत नाही, पण षड्ज ढळलेलाही खपवून घेत नाही.

गोल्फमध्ये मात्र थोरांची नक्कल फार झाली. बेन होगन हा चेंडू अचूक मारण्यात विसाव्या शतकातला सर्वश्रेष्ठ म्हणावा असा खेळाडू. त्यानं १९५७ साली पाच धड्यांचं पुस्तक लिहिलं आणि जगभरचे हौशी खेळाडू ते पाठ करू लागले. पुस्तक उत्तम आहे, मी ते आजही वाचतो. पण होगनचा जन्माचा शत्रू हुक, म्हणजे उजव्या हातानं खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडं वळणं. तो मोडायला त्यानं डाव्या हाताची पकड डावीकडं फिरवून घेतली होती. नव्यानं शिकणाऱ्या बहुतेकांचा आजार नेमका उलटा असतो. त्यांचा चेंडू उजवीकडं पळतो. अशा माणसानं होगनची पकड धरली की आजार बळावतो.

माझ्याकडं साठीनंतर शिकायला येणारे बरेचसे लोक तारुण्यात क्रिकेट खेळलेले असतात. अशा एका गृहस्थांचं सांगतो. त्यांनी वाचलं होतं, उजवं पाऊल काटकोनात ठेवा आणि डावी टाच जमिनीला चिकटवा. कंबर आखडलेली. त्यामुळं शरीर अर्ध्यावर अडकायचं, उरलेलं काम हात करायचे, क्लब बाहेरून तिरका उतरायचा आणि चेंडू उजवीकडच्या झाडीत. आधी मी काही न बोलता त्यांचे दहा-बारा चेंडू पाहिले. मग उजव्या पावलाचा चवडा थोडा बाहेर वळवायला लावला आणि मागं जाताना डावी टाच उचलली तर उचलू दे म्हटलं. जॅक निकलॉसची टाचही उचलली जायची, आणि त्यानं १८ मेजर स्पर्धा जिंकल्या. शेवटी डावा हात पकडीवर जरा उजवीकडं फिरवला. वरून पाहताना आधी बोटांच्या मुळाशी असलेली एकच गाठ दिसायची, आता अडीच दिसू लागल्या. त्यांना ते हात परक्याचे वाटत होते. पण चेंडू सरळ गेला. लांबी वाढली नाही, आणि वाढवायचीही नव्हती. त्या तासात चौथी गोष्ट मी सांगितली नाही.

याचा अर्थ ज्याला जसं वाटेल तसं खेळावं, असा मुळीच नाही. जिम फ्युरिकचं उदाहरण घ्या. त्याचा क्लब वर जाताना एका वाटेनं जातो आणि मोठा वळसा घेऊन दुसऱ्याच वाटेनं उतरतो. कुठल्याही पुस्तकात असा स्विंग सापडणार नाही. त्याचे वडील माइक हेच त्याचे प्रशिक्षक. त्यांनी तो वळसा पुसला नाही, कारण चेंडूपाशी येईपर्यंत क्लब हव्या त्याच जागी, हव्या त्याच तोंडानं येत होता, आणि पुन्हा पुन्हा येत होता. याच स्विंगवर फ्युरिक २००३ची यू. एस. ओपन जिंकला आणि २०१६ साली ५८ फटक्यांत एक फेरी संपवली. पी. जी. ए. टूरवर तोवर इतकी कमी धावसंख्या, माफ करा, फटकेसंख्या कुणाचीच नव्हती. त्या वळशानं क्लब रोज वेगळ्या जागी येत असता, तर तो मोडणं हेच प्रशिक्षकाचं कर्तव्य ठरलं असतं. काय वेगळं आहे आणि काय चुकीचं आहे, यातला फरक ओळखणं हेच आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम. त्याला वर्षं लागतात, आणि त्याला डोळे लागतात.

पेनिकनी आपली निरीक्षणं दशकानुदशकं एका लाल वहीत लिहिली. ती वही मुलाखेरीज कुणाला दाखवली नव्हती. तिचं पुस्तक निघालं १९९२ साली, त्यांच्या म्हातारपणी. २ एप्रिल १९९५ रोजी ते गेले. त्याआधी काही दिवस अंथरुणावरूनच त्यांनी क्रेनशॉचं पटिंग पाहिलं होतं. काइट आणि क्रेनशॉ दोघांनी मास्तरांना खांदा दिला, ऑगस्टाला परतले, आणि त्याच आठवड्याच्या रविवारी त्रेचाळीस वर्षांचा क्रेनशॉ मास्टर्स जिंकला.

तुमच्यापैकी कुणी गोल्फची शिकवणी लावणार असाल, किंवा मुलांना लावणार असाल, तर माझी एकच विनंती आहे. पहिल्या तासाला मास्तर तोंड उघडण्याआधी किती चेंडू नुसते बघतो, आणि तुमचं गुडघा-कंबरेचं दुखणं विचारतो का, हे पाहा. पाहिल्या-विचारल्यावाचून पकड बदलायला लागला, तर दुसरा मास्तर शोधा.