प्लेग, ट्रस्ट आणि दादरची हिरवी वस्ती
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



इंदूरच्या आपल्या निम्म्या घरांची तरी कुणी आत्या-मावशी दादरला असते. तिच्याकडे उतरलो की हिंदू कॉलनीतली झाडी पाहायची, फाइव्ह गार्डन्सला चक्कर मारायची आणि परतायचे. ही वस्ती आली कुठून, याचा शोध आम्ही बांधकाम खात्यात लागल्यावरच घेतला.

ती आली प्लेगमधून. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात साथ लागली. मूळ गोव्याचे डॉ. विएगस यांनी ती ओळखली. दाट वस्तीत ना उजेड, ना वारा. म्हणून १८९८ मध्ये कायदा होऊन इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या शहरातून रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेला दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनी घेऊन नवे उपनगर वसवायचे, असा बेत. आधी रस्ते, गटारे, बागा आणि मग प्लॉट! आज आपल्याकडे उलटे चालते. प्लॉट विकले जातात, मग लोक रस्त्यासाठी आमच्या टेबलापुढे उभे.

ट्रस्टमध्ये मंचेरजी जोशी नावाचे पारशी इंजिनियर होते. (आडनावावरून फसू नका.) मध्यमवर्गीय पारश्यांसाठी त्यांनी १०३ प्लॉट राखून घेतले. इमारती बुटक्या ठेवल्या, आणि झाडेही रस्त्यागणिक वेगळी: कुठे अशोक, कुठे महोगनी. शेजारीच हिंदू कॉलनी उभी राहिली. मात्र आखणी जुनी असली तरी घरे भरली ती बरीचशी पहिल्या महायुद्धानंतर.

आता दुसरी बाजू. रस्ते काढताना ट्रस्टने सुरुवातीच्या वर्षांत जितकी घरे पाडली, तितकी बांधली नाहीत. मोकळी हवा मिळाली ती भाडे परवडणाऱ्याला. गोदीतला, गिरणीतला माणूस आणखी दाटीत गेला. पाडण्यापेक्षा दुरुस्ती करा, असे सांगणारे पॅट्रिक गेडेस पुढे आपल्याच इंदुरात आले; होळकर दरबाराला दिलेला त्यांचा अहवाल १९१८चा आहे. आमच्या मते खरा शहाणा तो.

ट्रस्टने कामगारांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत, दोन छोट्या खोल्यांत, आपल्या महूला जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षे कुटुंबासह राहिले. पुस्तके ठेवायला जागा पुरेना. मग १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ग्रंथालय डोळ्यांपुढे ठेवून. म्हणजे चाळ ट्रस्टची आणि हा प्लॉटही ट्रस्टच्याच आखणीतला. मधले अंतर थोड्याच मैलांचे. ते चालायला बॅरिस्टर झालेल्या माणसालाही इतकी वर्षे लागली.

पुढच्या खेपेला मावशीकडे गेलात, तर राजगृह पाहून या. आणि वेळ काढून परळची ती चाळही पाहा.