अठरा वर्षं पुरी झाल्यावर काय?

मी विशेष शिक्षिका आहे. शाळांमध्ये जाऊन शिकवते, काही मुलांना घरी जाऊन शिकवते. आज बोलायचं आहे ते स्वमग्न मुलांच्या अभ्यासाबद्दल.

स्वमग्नता म्हणजे डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात ते. मूल हाक मारली तरी बघत नाही, बोलणं उशिरा येतं किंवा येतच नाही, तेच तेच वाक्य म्हणत राहतं, मिक्सर लावला की कान झाकतं, नेहमीची वाट बदलली की रडून गोंधळ घालतं. सगळ्यांत सगळं नसतं. एक मूल बघितलं म्हणून दुसरं कळलं, असं होत नाही. ही बाहेरची बाधा नाही, आणि आईच्या वागण्यामुळेही होत नाही. हे दुसरं मुद्दाम सांगते, कारण एके काळी अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टरसुद्धा आयांनाच दोष द्यायचे. आईने माया केली नाही म्हणून पोर असं झालं, म्हणायचे. ते साफ खोटं ठरलं. तिथल्याच नॉर्थ कॅरोलिना राज्यात एरिक शॉप्लर यांनी आईबापांना शिक्षकांच्या बरोबरीने कामाला घेतलं, आणि 1972 साली त्या राज्याने ते काम राज्यभर नेलं. आपल्याकडे अजून सासरमाहेर दोन्हीकडून आईलाच ऐकून घ्यावं लागतं.

तर अभ्यास. मुलाने शाळेत काय शिकावं, असं आईला विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, नाव लिहू दे, पाढे म्हणू दे, चार मुलांसारखं वहीत काहीतरी दिसू दे. मला ते समजतं. वही घरी आली की सासऱ्यांना दाखवता येते. पण मी लगेच दुसरं विचारते, हा एकवीस वर्षांचा होईल तेव्हा सकाळी उठून काय करील? आंघोळ कोण घालील? तुम्ही आजारी पडलात तर एक दिवस त्याचं कसं चालेल?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा आपण निवडू त्या विशेष शाळेत. म्हणजे हातात बारा वर्षं. त्यानंतर पोरगा ओटीवर बसून राहतो आणि आईचं वय मात्र थांबत नाही. म्हणून या बारा वर्षांचा आराखडा शेवटाकडून मागे मोजत करायला हवा. एकविसाव्या वर्षी काय यायला हवं ते आधी ठरवायचं, मग पंधराव्या वर्षी काय, मग दहाव्या वर्षी काय.

ही माझ्या मनातली गोष्ट नाही. सिकंदराबादला बौद्धिक दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था आहे, 1984 ची. विशेष शाळांत मुलाची पाहणी करायला तिने बनवलेली एक यादी वापरतात. त्या यादीत पाच भाग आहेत. स्वतःची कामं, लोकांत वागणं, अभ्यास, कामधंद्याची तयारी आणि विरंगुळा. बघा, आपण ज्याला शाळा म्हणतो तो पाचांतला एक भाग. आणि विरंगुळ्याला वेगळी जागा दिली आहे हे मला फार आवडतं. रिकाम्या दुपारी काय करायचं हे ज्याला येत नाही, तोच भिंतीवर डोकं आपटतो किंवा घराबाहेर निघून जातो.

त्या यादीत खुणा कशा करतात ते ऐका. स्वतः करतो, सांगितल्यावर करतो, हात धरून करवलं तर करतो, अजिबात करत नाही. आणि आणखी एक खूण आहे, करायला मिळालंच नाही. घरोघरी ही शेवटची खूणच मला फार दिसते. चौदा वर्षांचा मुलगा, स्वतः ताट वाढून घेत नाही. का? कधी वाढूच दिलं नाही. सांडेल म्हणून, पाहुण्यांसमोर नको म्हणून, आणि खरं सांगायचं तर आपण दिलं की लवकर उरकतं म्हणून.

मुंबईच्या जय वकील शाळेचं नाव काहींनी ऐकलं असेल. 1944 साली एका जोडप्याने आपल्या मुलीसाठी सुरू केली. त्या संस्थेने अलीकडे ‘दिशा’ नावाचा अभ्यासक्रम तयार केला, आणि तो आपल्या राज्यातल्या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या विशेष शाळांत आणला गेला. तोवर प्रत्येक शाळा आपापल्या परीने शिकवायची. हे चांगलंच झालं. पण आपल्याकडची बरीच मुलं गावातल्या साध्या शाळेत आहेत, आणि स्वमग्न मुलाला बौद्धिक अडचण असेलच असंही नाही. काहींना गणित छान येतं, पण दुकानात जाऊन मीठ मागता येत नाही. त्यामुळे छापील अभ्यासक्रम आला तरी त्यात आपल्या मुलाचं पान आपल्यालाच भरावं लागतं.

ते कसं भरायचं, एक उदाहरण सांगते. एसटीने कापड्याहून पोलादपूरला जाऊन येणं. ऐकायला एक काम, आत दहा-बारा कामं. वेळ ओळखणं, थांब्यावर उभं राहणं, चढणं, पैसे किंवा पास पुढे करणं, तिकीट सांभाळणं, गाडी गच्च भरली तर कान झाकून का होईना पण बसून राहणं, आपलं ठिकाण आल्यावर उतरणं. आणि गाडी आलीच नाही तर? स्वमग्न मुलाला हे सगळ्यांत जड जातं, ठरलेलं न होणं. म्हणून तेही शिकवायचं. एका पुठ्ठ्यावर क्रमाने चित्रं लावायची, थांबा, गाडी, तिकीट, बाजार, घर. शेजारी एक वेगळं चित्र, गाडी नाही तर परत घरी. पहिले महिनाभर नुसतं थांब्यापर्यंत जाऊन या.

कपडे, आंघोळ यांसाठी मी उलटीकडून शिकवते. शर्ट तुम्ही घाला, सगळी बटणं लावा, शेवटचं एक त्याला लावू द्या. जमलं की शेवटची दोन. काम पुरं त्याच्या हातून होतं, त्यामुळे तो चिडत नाही.

2021 च्या जुलैत तळीये, केवनाळे, सुतारवाडीला काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. दरड म्हटलं की त्या रात्री आठवतात. आपल्या भागात शिट्टी वाजली की घराबाहेर पडून अमुक घरी जायचं, हा धडा कुठल्याही पुस्तकात नसला तरी आपल्या मुलाच्या आराखड्यात पाहिजे. पावसाळ्याआधी दर वर्षी, आधी दिवसा आणि मग अंधारात विजेरी घेऊन सराव करा. बोलत नसेल तर गळ्यात किंवा खिशात नाव-गाव-फोनचं कार्ड, आणि ते काढून दाखवायची सवय.

मुलींचं थोडं वेगळं बोलते, पुरुषमंडळी ऐकत असतील तर ऐकू देत. पाळी सुरू होण्याच्या वर्षभर आधीपासून पॅड हातात द्या, चड्डीला लावायला शिकवा, लाल रंग टाकून दाखवा. अचानक रक्त दिसलं की ही मुलगी घाबरून कोणालाही काहीही दाखवत सुटते. दार लावून कपडे बदलणं मुलगा-मुलगी दोघांनाही लहानपणीच. आणि ‘नको’ म्हणणं. आपण या मुलांना सांगेल ते निमूट ऐकायला शिकवतो आणि त्यालाच गुणी म्हणतो. निमूट ऐकणाऱ्याला कोणीही कुठेही नेऊ शकतं. मान हलवून, हात पुढे करून, चित्र दाखवून, कसंही असो, त्याच्या ‘नको’ला घरात मान मिळाला तरच ते बाहेर निघेल.

आता काम. बचत गटाच्या बायांनो, इथे तुमचा भाग आहे. नाचणीचे पापड मोजून दहा-दहाची चळत लावणं, पाकिटावर लेबल चिकटवणं, वजन सारखं भरणं. काही स्वमग्न मुलं असं ठरलेलं काम आपल्यापेक्षा नेटकं करतात, काहींना ते मुळीच आवडत नाही, त्यांना शेळ्यांमागे फिरणं बरं वाटतं. करून पाहिल्याशिवाय कळत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षापासून आठवड्यातून दोन दिवस तासभर बसवा. आणि त्या तासाचे पैसे द्या, थोडे का असेनात, त्याच्या हातात. बायको म्हणून, आई म्हणून फुकट राबणं काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे.

जूनमध्ये शाळा उघडली की मुख्याध्यापकांना विचारा, गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक कधी येतात, आणि माझ्या मुलाचा वैयक्तिक आराखडा केला आहे का. केला असेल तर वाचून दाखवायला सांगा. त्यात अक्षरं-अंकांखेरीज काही नसेल तर आंघोळ, एसटी, पैसे हे शब्द तुम्ही घाला.

कागदांचं अठरा पुरी होण्याआधीच बघा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्याचं कार्ड हवं. अठरानंतर कायद्याने मूल सज्ञान होतं. ज्याला स्वतःचे व्यवहार सांभाळता येणार नाहीत, त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, तो 1999 चा, पालकत्वाचा अर्ज करता येतो. जिल्हाधिकाऱ्यांची समिती तो बघते. सगळ्यांनाच त्याची गरज नसते, थोड्या मदतीने स्वतः सही करणारी मुलं असतात, त्यांची सही काढून घेऊ नका. त्याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची. यातल्या कशासाठी अलिबागला जावं लागलं तर एकटीने जाऊ नका. रांगेत उभं राहायला एक आणि मुलाला सावलीत घेऊन बसायला एक, अशा दोघी लागतात. गटातली कोणीतरी बरोबर घ्या, आणि त्याचं ते चित्रांचं पुठ्ठं पिशवीत असू द्या.