आजोबांचा विसर आणि परदेशी तक्ता

बोरिवली असो वा मुलुंड, घरात आजोबांना अल्झायमर झाला की मुलं हळूच विचारतात, हे आमच्याकडेही येणार का? 1993 साली एपीओई जनुकाच्या ‘ई-4’ प्रकाराचा या आजाराशी संबंध उघड झाला. तो आईवडिलांपैकी एकाकडून आला तर धोका वाढतो, दोघांकडून आला तर कितीतरी पटींनी. पण किती पट, याचे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. 1997च्या एका मोठ्या विश्लेषणात हाच ई-4 जपानी लोकांत अधिक, तर आफ्रिकी-अमेरिकनांत कमी प्रभावी दिसला. तेव्हा घाटकोपरच्या माणसाने परदेशी तक्ता जसाच्या तसा स्वतःला लावू नये.

‘आपल्याकडे ई-4 कमीच, मग काळजी कशाला?’ असं कुणी म्हणेल. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये तो पेनसिल्व्हेनियापेक्षा खरंच कमी आढळला, सुमारे 7 विरुद्ध 11 टक्के. मात्र आजाराशी त्याचं नातं दोन्हीकडे सारखंच निघालं. शिवाय बल्लभगड म्हणजे अंधेरी नव्हे. इथे एकाच इमारतीत कोकणी, गुजराती, तमिळ घराणी नांदतात! आणि ई-4 असूनही अनेकांना आजार होत नाही, नसूनही होतो. रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं यांचाही त्यात वाटा असतो, आणि ते तपासायला जनुकांपर्यंत जावं लागत नाही.