दिलेलं काम आणि हिरावलेलं काम
(विहाराच्या वर्षावास प्रवचनमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार अभिवादन करून आम्ही विषयाला हात घालतो. भाषण लांबवायचं नाही, कारण मागच्या बाजूला खीर तयार झाल्याचा वास आम्हालाही येतो आहे.

हा विषय आम्ही निवडलेला नाही. पंचशीलावर चर्चा चालू असताना आपल्यातल्याच एका उपासिकेनं विचारलं होतं, "माझा मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. तिथल्या लोकांना कामावरून काढतात आणि आपली मुलं ठेवतात, असं पेपरात येतं. मग हे दुसऱ्या शीलात येतं का?" काही जण हसले. हसण्यासारखं त्यात काही नाही. पंचशील रोज म्हणणारे पुष्कळ आहेत, ते स्वतःच्या लेकराच्या पगाराला लावून बघणारी माता विरळा.

दुसरं शील म्हणजे अदिन्नादानापासून अलिप्त राहणं. अदिन्न म्हणजे न दिलेलं. आता नोकरी कुणी हातातून हिसकावून नेत नाही. मालक देतो, माणूस घेतो. म्हणजे वरवर बघितलं तर उत्तर सोपं आहे: दिलेलंच घेतलं, शील मोडलं नाही, खीर वाढा. पण बांधवांनो, एकाच्या ताटातली भाकरी उचलून दुसऱ्याला वाढली, तर घेणाऱ्यानं ती कुठून आली हे विचारायचं की नाही? आणि ते ताट मुळात कुणाचं होतं? तिथं खरी गाठ आहे.

"हे काम आमचं आहे, बाहेरच्यानं यायचं नाही," हे वाक्य आपल्या समाजानं मुंबईच्या गिरण्यांत फार पूर्वी ऐकलेलं आहे. त्या वेळी बाहेरचे आपण होतो. आपले आजे-पणजे कोकणातून, देशावरून गिरणीत आले ते रिंग खात्यात आणि सफाईच्या कामात. विणकामाच्या खात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्याला मज्जाव. कारण काय, तर कांडी बदलली की धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आपल्या तोंडाला कसा लावायचा, असं सवर्ण विणकर म्हणत. हे मालक म्हणत नव्हता, कामगारच कामगाराला म्हणत होता. १९२८ साली दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगार सहा महिने संपावर होते, त्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. दुसरा शत्रू सगळ्यांना मान्य होता. पहिल्याचं नाव घेतलं की मात्र युनियनच्या पुढाऱ्यांना खोकला यायचा!

म्हणून "आमचं काम" हा शब्द कानावर आला की आम्ही आधी विचारतो, आमचं म्हणजे कुणाचं? त्यातून कुणाला वगळलंय?

आता साता समुद्रापलीकडचं उदाहरण घेऊ, पण तेही गिरणीचंच आहे. इंग्लंडमध्ये लँकेशायर आणि यॉर्कशायर हे कापडाचे मुलूख. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथला धंदा खचत चालला होता. ज्या मालकांनी नवी महागडी यंत्रं घेतली त्यांना ती रात्रंदिवस चालवल्याशिवाय परवडत नव्हती. बायकांना रातपाळीला लावायला कायद्याची बंदी, आणि गोरे पुरुष रातपाळीला नाखूश. मग पंजाब, गुजरात आणि पाकव्याप्त काश्मीरच्या मीरपूर भागातली माणसं आली. ब्रॅडफर्ड, ओल्डहॅम, ब्लॅकबर्न इथल्या कित्येक गिरण्यांत दिवसपाळी गोऱ्यांची आणि रातपाळी आपल्याकडच्यांची अशी वाटणी पडली. ज्यानं रातपाळी केली आहे त्याला यातलं दुःख वेगळं सांगायला नको. एकाच यंत्रावर दोन माणसं, पण एकाचा चेहरा दुसऱ्याला दिसत नाही. फक्त पाळी बदलताना फाटकात गाठ पडायची.

गोरा कामगार काय म्हणू लागला? एकीकडे गिरण्या बंद पडताहेत आणि दुसरीकडे ही काळी माणसं आमची कामं घेताहेत. त्याचं पहिलं म्हणणं खरं होतं. गिरण्या बंद पडत होत्याच. पण त्या मीरपूरच्या माणसानं बंद पाडल्या नव्हत्या. बाहेरचं स्वस्त कापड येत होतं, जुनी यंत्रं सरकारी पैशानं भंगारात निघत होती. उलट रातपाळीची ही माणसं मिळाली म्हणून काही गिरण्या आणखी काही वर्षं तग धरून राहिल्या. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्याही बंद पडल्या, तेव्हा दिवसपाळी आणि रातपाळी दोन्ही एकदमच रस्त्यावर आल्या.

धोट्याची गोष्ट तिथंही घडली, फक्त तोंडाचं निमित्त नव्हतं. लफबरो गावातल्या मॅन्सफिल्ड होजिअरी कारखान्यात चांगल्या पगाराचं विणकाम गोऱ्यांकडे आणि खालची कामं आशियाई माणसांकडे. १९७२ च्या ऑक्टोबरात आशियाई कामगारांनी बढतीसाठी संप केला, तेव्हा गोरे विणकर विरोधात गेले आणि युनियननं हात आखडता घेतला. आम्ही हे वाचलं तेव्हा पान उलटून पुन्हा वाचलं. देश दुसरा, वर्ष दुसरं, पण खातं तेच!

त्याच्या चार वर्षं आधीची गोष्ट ऐका. एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेल नावाच्या खासदारानं परदेशातून येणाऱ्या माणसांविरुद्ध आग ओकणारं भाषण केलं. त्याला पक्षाच्या वरच्या फळीतून काढलं, तर त्याच्या बाजूनं लंडनचे सुमारे हजार गोदी कामगार काम टाकून पार्लमेंटवर चालत गेले. कामगारच होते, आपल्यासारखे हातावर पोट असलेले. पण गोदीतलं त्यांचं काम कुणी घेतलं? कंटेनरच्या लोखंडी खोक्यानं. दहा माणसांची टोळी दिवसभर पाठीवर वाहील तो माल क्रेन एका झटक्यात उचलू लागली. लंडन शहरालगतच्या गोद्या एकामागून एक बंद झाल्या, १९८१ ला रॉयल गोदीचं काम थांबलं. मोर्चा माणसांविरुद्ध निघाला आणि काम खोक्यानं नेलं. आपल्या शेजारच्या गोदीवाल्यांना हे कळेल. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि मुंबईच्या गोदीतल्या टोळ्यांचं पुढे काय झालं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

पण गोदीवाल्यांना आम्ही तिथंच सोडत नाही, कारण ते तिथंच थांबले नाहीत. ऑगस्ट १९७६ मध्ये लंडनच्या विल्सडन भागातल्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात जयाबेन देसाई ही गुजराती बाई जुलमी ओव्हरटाइमला कंटाळून बाहेर पडली. पाठोपाठ इतर बाहेर पडले, बहुतेक आफ्रिकेतून आलेल्या आशियाई बायका. साडी नेसून, वर कोट चढवून त्या थंडीत फाटकावर उभ्या राहिल्या. (मालकाचा जन्म दिल्लीचा, हे जाता जाता सांगून ठेवतो. आपला माणूस, आपला माणूस म्हणून गळ्यात पडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) क्रिकलवूडच्या पोस्टमननी त्या कारखान्याची टपाल पाकिटं हलवायला नकार दिला. यॉर्कशायरच्या खाणीतले गोरे कामगार बसगाड्या भरून आले. आणि जुलै १९७७ च्या मोठ्या मोर्च्यात पुढे फलक होता तो लंडनच्या गोदी कामगारांच्या प्रतिनिधींचा. नऊ वर्षांत एवढा फरक. संप १९७८ साली हरला, हेही खरं आहे. युनियनच्या वरच्या पुढाऱ्यांनी अखेरीस साथ सोडली. हरलेल्या संपाबद्दल आम्ही गिरणीवाल्यांनी काय सांगावं! पण त्या फाटकावर "कुणाचं काम कुणी घेतलं" हा प्रश्न मागे पडला होता आणि "कुठल्या अटीवर काम" हा प्रश्न पुढे आला होता. आमच्या मते नीतीचा प्रश्न नेमका तिथं सुरू होतो.

आता दुसरी बाजू. काम गेलेल्या माणसाला "तू संकुचित आहेस" असं खुर्चीत बसून सांगणं फार सोपं असतं. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्या काळात मालकांनी कापड कुठून काढलं? भिवंडीच्या मागांवरून. तिथं उत्तर प्रदेशचा, बिहारचा, तेलंगणाचा कामगार बारा-बारा तास उभा होता. ना फंड, ना ईएसआय, ना कायमपणा. त्याच्यावर इथल्या संपकऱ्याचा राग होता, तो खोटा नव्हता. ज्या घरात बाईनं मंगळसूत्र गहाण ठेवलं त्या घराला तत्त्वज्ञान सांगायला जाऊ नये. पण नंतरचा हिशेब बघा. भिवंडीचा तो माणूस आजही श्रीमंत झालेला नाही. गिरण्यांची जमीन मात्र १९९१ च्या विकास नियमावलीतून विक्रीला मोकळी झाली, २००१ ला नियम आणखी सैल झाले, आणि जिथं साचे धडधडत होते तिथं टॉवर आणि मॉल उभे राहिले. आमचं काम खाल्लं ते जमिनीच्या भावानं.

तेव्हा आता अमेरिकेचं. डिस्ने ही सिनेमा आणि करमणुकीची बलाढ्य कंपनी. २०१४ च्या अखेरीस तिनं फ्लोरिडातल्या कॉम्प्युटर खात्यातल्या सुमारे २५० जणांना सांगितलं, तुमचं काम संपलं. त्यांच्या जागी एच-वन-बी व्हिसावरची, बरीचशी भारतातली मुलं आली. आणि जाणाऱ्यांपैकी काहींना जाण्याआधी नव्या मुलांना काम शिकवून जावं लागलं. ज्याला काढायचं त्याच्याच हातून शिकवून घ्यायचं! त्या खोलीत शिकणारा मुलगा आपल्या वस्तीतला असता तर? शिकवणाऱ्याचे डोळे त्याला दिसले असतेच ना. म्हणून त्या मातेच्या प्रश्नाला आम्ही टाळत नाही. अशा जागी "मालकानं दिलं म्हणून घेतलं" एवढं उत्तर पुरत नाही. कामाच्या मोबदल्यात ताट कुणाचं रिकामं झालं हे समोर दिसत असेल, तर निदान गप्प न बसणं एवढं शीलाचं मागणं आहे.

पण तो मुलगा गप्प का बसतो, हेही बघा. त्याचा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बायकापोरांसह विमानात बसायचं. आखातातली आपली मुलं तर आणखी बांधलेली. कफालाच्या रीतीत मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नसे. पासपोर्ट ठेवून घ्यायला कायद्यानं मनाई असली तरी तो मालकाच्या कपाटात जाई. कतारनं २०२० मध्ये ती परवानगीची अट कायद्यातून काढली, सौदीनंही २०२१ मध्ये काही सैल केलं. सौदीत २०११ पासून निताकत नावाची योजना आहे, कंपनीत इतके टक्के तरी सौदी माणसं हवीत अशी. आपल्या माणसांना तेव्हा ती झोंबली. आम्ही म्हणतो, आपल्या बेकार पोरांसाठी एखाद्या देशानं नियम केला तर त्यात अधर्म नाही, आपणही इथं स्थानिकांसाठी तेच मागतो. फक्त एवढं लक्षात घ्यावं की मालकाला परका माणूस हवा असतो तो बहुतेक वेळा तो बांधलेला असतो म्हणून. ज्याला सोडून जाता येत नाही, त्याच्याशी मोकळ्या माणसानं पगारात बरोबरी करायची कशी? म्हणजे तिथल्या माणसाची नोकरी वाचवायची असेल तर आपल्या माणसाची दोरी सोडवावी लागेल. दोघांचं हित एकाच गाठीत आहे, आणि ते दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतात.

भगवंतांनी उपासकासाठी वर्ज्य सांगितलेले पाच व्यापार आपल्याला माहीत आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा. पोटासाठी परमुलखात जाणं त्यात कुठंही नाही. पण प्राण्यांच्या व्यापारात माणसाचा व्यापारही आला. सम्यक आजीविका कुणाची बिघडली हे शोधायचं तर विमानात बसलेल्या पोराच्या आधी त्याला विकणाऱ्या एजंटाकडे आणि विकत घेणाऱ्या मालकाकडे बघायला पाहिजे. कूटदंत सुत्तात राजाला सांगितलेलं आहे की राज्यातली चोरी दंडानं थांबत नाही. शेतकऱ्याला बियाणं द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकराला वेतन द्या. चोरावर चिडण्याआधी राजाला जाब विचारा, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो.

तेव्हा त्या उपासिकेला आमचं उत्तर असं. बाई, तुमच्या मुलानं नोकरी केली यात शील मोडलं नाही. पण त्यानं तीन गोष्टींत डोळे उघडे ठेवावेत. शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्याला जे मिळतं त्याहून कमी पगारावर सही करू नये, कारण त्या फरकातूनच दुसऱ्याची नोकरी कापली जाते. कुठं संप चालू असेल तर तिथं पाठवलं म्हणून जाऊ नये. आणि युनियन असेल तर वर्गणी भरावी. आम्हाला माहीत आहे की कॉम्प्युटरवाल्यांना युनियन म्हटलं की कमीपणा वाटतो. जयाबेननाही सुरुवातीला युनियन म्हणजे काय ते फारसं ठाऊक नव्हतं.

आणि हीच मोजपट्टी इथंही लागू करायची बरं का. नाक्यावर सकाळी पिशवी घेऊन उभा असलेला परमुलखातला माणूस आपल्या पोरापेक्षा शंभर रुपये कमी घेतो म्हणून त्याच्यावर हात उचलायला काही जण तयार असतात. त्याला पूर्ण दर मिळाला पाहिजे ही मागणी घेऊन त्याच ठेकेदाराकडे जायला मात्र कुणी येत नाही. आम्ही एक-दोनदा हाक देऊन बघितली, चारजण आले. चारजण तर चारजण.

शेवटी एक सूचना. आखातात जाणाऱ्या मुलांनी एजंटाच्या हाती पैसे देण्याआधी करारपत्र इथं घेऊन यावं. एजंट सरकारी ई-मायग्रेटवर नोंदलेला आहे का ते बघता येतं. त्याला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेण्याचा अधिकार नाही. व्हिसा फिरायचा आहे की कामाचा, तेही तपासू. रविवारी वंदना झाली की आम्ही वाचनालयात बसलेले असतो. चष्मा आमचा, कागद तुमचा.

जय भीम! नमो बुद्धाय!